जुन्या सागाची किंमत करा

माजिवडा नाक्यापासून कोलशेतपर्यंत कुठे ना कुठे ऑफिसचे फर्निचर तोडणे चालूच असते. भाडेकरू बदलला की पार्टिशन, दारे, सीलिंग सारे टेम्पोत! हा उघड इस्राफ आहे, आणि हातोडा बहुधा आपल्याच कारागीर बांधवांचा असतो, म्हणून हे लिहीत आहोत.

ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरले तर नव्याच्या सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते. भंगारवाला ते जपून ठेवतो. सागाची चौकट मात्र जळणात जाते. खिळे काढून, रंधा मारून ती पुन्हा उभी राहते. मजुरी जास्त पडते हे कबूल. पण तो पैसा प्लायवुडच्या दुकानात न जाता सुताराच्या घरी जातो. (प्लायवरचे कमिशन बुडते, ही काही ठेकेदारांची खरी अडचण!)

सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यात पहिल्या १००० कंपन्यांना पर्यावरणविषयक अहवाल सक्तीचा केला. त्यांची ऑफिसे करणाऱ्यांना माल कुठला, हे विचारले जाणारच. तेव्हा कोटेशनमध्ये जुन्या लाकडाची ओळ वेगळी लिहा, जुने नवे म्हणून खपवू नका, आणि वाळवी लागलेला तुकडा गिऱ्हाइकासमोरच बाजूला काढा.