वकिलाती गेल्या, वाद उरले

मुंबई, विशेष प्रतिनिधी

परकीय वकिलाती हलल्या, तरी त्यांनी मागे ठेवलेले मालकीचे प्रश्न सुटत नाहीत. वास्तुविशारद क्लॉड बॅटली यांनी साकारलेल्या दक्षिण मुंबईतील दोन वास्तू याची साक्ष देतात.

ब्रीच कँडीचे 'लिंकन हाऊस' हे मूळचे 'वांकानेर हाऊस'. सौराष्ट्रातील वांकानेरच्या महाराजांनी १९३०च्या दशकात ते उभारले. १९५७ मध्ये ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने ते अमेरिकेकडे आले. २०११ मध्ये वकिलात वांद्रे-कुर्ला संकुलात गेली. २०१५ मध्ये उद्योगपती सायरस पूनावाला यांनी सुमारे ७५० कोटी रुपयांत वास्तू घेण्याचे ठरवले. परंतु जमिनीच्या मालकीवर सरकारी आक्षेप आल्याने व्यवहार रखडला.

मलबार हिलच्या 'जीना हाऊस'चा प्रश्न अधिक नाजूक. सप्टेंबर १९४४ मधील गांधी-जीना वाटाघाटी येथेच झाल्या. फाळणीनंतर येथे दीर्घकाळ ब्रिटिश उपउच्चायुक्तांचे वास्तव्य होते. पुढे पाकिस्तानने वकिलातीसाठी वास्तू मागितली. जीनांच्या कन्या दीना वाडिया यांनीही २००७ मध्ये न्यायालयात हक्क सांगितला. २०१८ मध्ये मात्र परराष्ट्र मंत्रालयाने दिल्लीच्या हैदराबाद हाऊसच्या धर्तीवर तिचा वापर करण्याचे ठरवले.

एका वास्तूबाबत सरकारने निदान दिशा ठरवली. दुसरीबाबत केवळ हरकत घेतली. दावा सांगणाऱ्याने देखभालीची जबाबदारीही उचलली पाहिजे. न्यायनिवाड्याला मुदत नसते. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यापुढे उभ्या असलेल्या इमारतीला ती असते.