श्रावणबाळाची कावड

श्रावणबाळाची कथा ज्या घरांत सांगितली गेली नाहीं असें मराठी घर विरळाच. आंधळ्या आईबापांना कावडींत बसवून यात्रेस नेणारा पुत्र, पाणी भरतांना झालेला तो बुडबुड आवाज, आणि त्या आवाजाच्या रोखानें दशरथ राजानें सोडलेला बाण, एवढें सारें आपल्या मुलांना पाठ असतें. परंतु कथेचा शेवट आपण घाईनें उरकतों. राजा स्वतः पाणी घेऊन त्या वृद्धांकडे गेला होता. पाणी निर्मळ होतें, राजाच्या मनांत पश्चात्तापही होता. पण त्या पाण्याचा त्यांना उपयोग झाला नाहीं.

महाराष्ट्र सरकारनें निराधार वृद्धांना दरमहा सहाय्य देण्याच्या योजनेस 'श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना' असें नांव दिलें आहे. नांव पुत्राचें असलें तरी पाणी देणारा येथें राजा आहे. तेव्हां राजाचें हें पाणी तहानलेल्यापर्यंत वेळेवर पोंचतें कीं नाहीं, आणि पोंचत नसेल तर त्यांत आपल्यासारख्या सुशिक्षित घरांचें कांहीं कर्तव्य आहे कीं नाहीं, हा आमचा या महिन्याचा विषय आहे.

एक गांव डोळ्यांपुढें असलें म्हणजे असल्या विषयाचें बोलणें हवेंत राहत नाहीं. पालघर जिल्ह्यांत, डहाणूहून बोर्डीकडे जाणाऱ्या किनाऱ्याच्या रस्त्यावर नरपड हें गांव आहे. एका अंगास समुद्र व सुरूचीं झाडें, दुसऱ्या अंगास चिकूच्या वाड्या. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं सुटींत तो किनारा पाहिला असेल. आणि त्या बाजूचा चिकू तर घरोघर येतो. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. परंतु या वाड्या व हा किनारा ज्यांच्या श्रमानें नांदता राहतो, तीं माणसें म्हातारपणीं कशीं राहतात हें सुटीच्या पाहुण्यास दिसत नाहीं. मासळी वाळविण्यांत जन्म गेलेल्या बाईच्या डोळ्यांत मोतीबिंदु उतरतो. झाडावरून पडून वाडींतल्या वारली गड्याचा पाय कायमचा अधू होतो. जन्मतः अंध असलेली मुलगी भावाच्या संसारांत एका कोपऱ्यांत वाढते. अशीं माणसें त्या किनाऱ्यावर गांवोगांव आढळतील. त्यांना प्रॉव्हिडंट फंड नाहीं कीं पेन्शन नाहीं. हात चालेनासा झाला कीं मिळकत संपली, असा त्यांचा रोखठोक हिशेब असतो.

आपल्याकडे दानधर्म नव्हता असें कोणी म्हणणार नाहीं. अन्नछत्रें होतीं, पेशव्यांची श्रावणमासची दक्षिणा तर प्रसिद्धच होती. पण ती दक्षिणा विद्वान् ब्राह्मणांस मिळे. एखाद्याला दिसत नाहीं किंवा चालवत नाहीं, एवढ्याच कारणानें राजानें त्यास नेमानें कांहीं द्यावें, हा विचार तींत नव्हता. इंग्रजी अमलांत 1880 च्या दुष्काळ कमिशननंतर दुष्काळाचे जे नियम झाले, त्यांत काम करूं न शकणाऱ्या वृद्ध, अंध व अपंग लोकांना कामावांचून मदत देण्याची तरतूद होती. मात्र दुष्काळ सरला कीं ती मदतही सरे. जणूं म्हातारपण व आंधळेपण हीं पाऊस पडतांच बरीं होणारीं दुखणीं!

त्याच सुमारास युरोपांत निराळा विचार रुजत होता. जर्मनीनें 1889 सालीं वार्धक्य व अपंगत्व यांच्या विम्याचा कायदा केला. इंग्लंडांत 1908 च्या कायद्यानें सत्तर वर्षांच्या गरीब वृद्धांस आठवड्यास पांच शिलिंगांपर्यंत पेन्शन मिळूं लागलें, आणि 1920 सालीं अंधांसाठीं ही वयाची मर्यादा पन्नासावर आणली गेली. अमेरिकेनें 1935 च्या सामाजिक सुरक्षेच्या कायद्यांत वृद्धांसाठीं व अंधांसाठीं सहाय्याचीं स्वतंत्र प्रकरणें घातलीं. आपल्या राज्यघटनेचें 41 वें कलम 1950 पासून असें सांगत आलें आहे कीं, बेकारी, वार्धक्य, आजार व अपंगत्व या प्रसंगीं नागरिकास लोकसहाय्याचा हक्क मिळावा अशी तजवीज राज्यानें आपल्या आर्थिक सामर्थ्याच्या मर्यादेंत करावी. हें कलम मार्गदर्शक तत्त्वांपैकीं आहे. तेवढ्याच्या आधारें कोर्टांत दाद मागतां येत नाहीं. तरीही त्यांत दानाचा उल्लेख नाहीं, हक्काचा आहे. आणि या एका शब्दाच्या फरकांत आमच्या सर्व म्हणण्याचें सार आहे.

त्या दिशेनें पाऊल पडावयास वेळ लागला. उत्तर प्रदेशानें 1957 सालीं वृद्धांस पेन्शन सुरू केलें. महाराष्ट्रांत 1980 सालीं संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. केंद्र सरकारनें 15 ऑगस्ट 1995 पासून राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रम हातीं घेतला. आजची व्यवस्था थोडक्यांत अशी आहे: 65 वर्षें पुरीं झालेल्या निराधारांसाठीं श्रावणबाळ योजना, आणि त्याहून लहान वयाचे अंध, अपंग, दुर्धर रोगानें गांजलेले, तसेंच निराधार विधवा व परित्यक्ता यांच्यासाठीं संजय गांधी योजना. पूर्वीं एकट्या माणसास दरमहा 600 रुपये मिळत. ते 2019 सालीं 1,000 आणि 2023 सालीं 1,500 झाले. 2025 सालीं दिव्यांगांची रक्कम 2,500 करण्यांत आली. वृद्धांच्या पेन्शनांतील केंद्राचा वाटा 1995 सालीं 75 रुपये होता, तो 2006 सालीं 200 झाला. पुढें 2011 पासून ऐंशी वर्षांवरील वृद्धांस 500 मिळूं लागले; त्याखालच्यांचा वाटा मात्र 200 वरच थांबला. दिवसाचे सहा-सात रुपये! राज्यानें आपली भर घातली नसती तर या पैशांत म्हाताऱ्या माणसाचा दोन वेळचा चहाही भागता ना.

दीड हजारांत तरी काय होतें, असें आमच्या कांहीं वाचकांस वाटेल. ज्या घरांत तेवढी रक्कम एका दिवसाच्या पाहुणचारास लागते, त्या घरानें हा प्रश्न जपूनच विचारावा. शिधापत्रिकेवर तांदूळ मिळाला तरी मीठमिरची, औषध, डोळ्यांतले थेंब, दवाखान्यापर्यंतचें रिक्षाभाडें यांना रोकड लागते. शिवाय पैशाचें आणखी एक काम आहे. ज्या म्हातारीच्या नांवावर दरमहा कांहीं जमा होतें, तिच्या ताटाकडे घरचीं माणसें निराळ्या नजरेनें पाहतात. हें बोलणें कडू आहे. पण आमच्या वाचकभगिनींना तें खोटें वाटणार नाहीं.

मग अडतें कोठें? पहिली अडचण उत्पन्नाची. दारिद्र्यरेषेखालील यादींत नांव नसेल तर कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आंत असावें, दिव्यांगांच्या बाबतींत 50,000 च्या आंत, अशी मर्यादा वर्षानुवर्षें धरली गेली आहे. 21,000 ला 365 नीं भागिलें तर दिवसाला साडेसत्तावन रुपये येतात, आणि तेही साऱ्या कुटुंबाचे! घरांतील एक जण महिन्यांतून आठ दिवस जरी मजुरीस गेला तरी आजच्या दरानें ही मर्यादा ओलांडली जाते. म्हणजे गरिबानें एक तर सहाय्यावर पाणी सोडावें, नाहीं तर दाखल्यावर खोटा आंकडा लिहवून घ्यावा. प्रामाणिक माणसास असल्या पेंचांत टाकणारा नियम बदललाच पाहिजे, आणि तो बदलावा म्हणून लिहिणें-बोलणें हें ज्यांना लिहितां-बोलतां येतें त्यांचें काम आहे.

दुसरी अडचण कागदांची. नदीकांठीं किंवा शेतांत जन्मलेल्या म्हाताऱ्याजवळ वयाचा पुरावा कोठून असणार? अपंगत्वाचें प्रमाणपत्र सरकारी रुग्णालयांतून तपासणी करून घ्यावें लागतें. पालघर हा स्वतंत्र जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजीं झाला. तत्पूर्वीं नरपडकराचें जिल्ह्याचें ठिकाण ठाणें, म्हणजे सुमारें शंभर किलोमीटर दूर. आतां तें पालघरास आलें, ही मोठीच सोय झाली. तथापि ज्यास दिसत नाहीं त्यास नरपडहून डहाणूची तहसील कचेरीसुद्धां जवळ नाहीं. त्याच्याबरोबर जाणाराचा एक दिवसाचा रोज बुडतो, आणि कचेरींतून 'उद्यां या' असें उत्तर मिळालें तर दोन दिवसांचा.

तिसरी अडचण ओळखीची. पैसे खात्यांत जमा होतात आणि ते काढतांना पुष्कळ ठिकाणीं बोटाचा ठसा मागतात. जाळीं ओढून, मासळी निवडून, माती उपसून ज्यांच्या बोटांवरील रेषा झिजल्या, त्यांचे ठसे यंत्रास पटत नाहींत. जन्मभर कष्ट केल्याची जी खूण, तीच येथें आड येते. बुबुळावरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटविण्याचीही सोय आहे. पण ती मागावी लागते, आणि मागण्यासाठीं आधीं ठाऊक असावी लागते. शिवाय वर्षांतून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. मृताच्या नांवें कोणी पैसे उचलूं नयेत म्हणून हा नियम योग्यच आहे. परंतु अंथरुणास खिळलेल्या माणसानें आपण जिवंत आहों हें कचेरीस कळवावयाचें कसें? दाखला राहिला कीं रक्कम थांबते, आणि ती कां थांबली हेंही त्या बिचाऱ्यास कळत नाहीं.

यावर एक आक्षेप हटकून येतो. सरकार म्हाताऱ्यांना पोसूं लागलें तर मुलें हात झटकतील व एकत्र कुटुंब मोडेल, असें कित्येक वडीलधारीं माणसें म्हणतात. एकत्र कुटुंबाचा अभिमान आम्हांसही आहे. पण ज्या घरांत जमीन, नोकरी किंवा पेन्शन आहे, तेथेंच वृद्धांचा भार चार खांद्यांवर वांटला जातो. ज्या घरांत सगळेच रोजंदारीवर, तेथें एकाचें दुखणें म्हणजे दुसऱ्याचा उपास. आणि कायदा मुलांस मोकळें सोडतो असेंही नाहीं. 2007 सालच्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाच्या कायद्यानें आईबापांना प्रांत अधिकाऱ्यासमोर वकिलावांचून अर्ज करून मुलांकडून चरितार्थ मागतां येतो. सांभाळाच्या अटीवर मुलास दिलेली मिळकत, त्यानें सांभाळ न केल्यास, परत घेण्याची वाटही त्या कायद्यांत आहे. हें कलम नरपडच्या झोपडीसाठीं केलेलें नाहीं. मिळकत असते ती आपल्यासारख्यांच्या घरांत.

आपल्या घरांचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहितों. चांगल्या शिकलेल्या कुटुंबांतसुद्धां मंदबुद्धीच्या मुलाचें किंवा अंध बहिणीचें प्रमाणपत्र काढावयाचें टाळतात. घराण्याचें नांव, धाकट्या मुलींचीं लग्नें, शेजाऱ्यांची कुजबूज, अशीं कारणें असतात. आईबाप आहेत तोंवर सर्व झांकून जातें. ते गेल्यावर चाळिशींतल्या त्या मुलाजवळ आपली स्थिति सिद्ध करणारा एक कागदही नसतो. 2016 च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यानें 21 प्रकारचीं अपंगत्वें मान्य केलीं आहेत. त्या यादींत नांव येणें हा कलंक नसून आईबापांच्या पश्चात् मुलाच्या हातीं राहणारा आधार आहे, हें ध्यानांत घ्यावें.

मग आपण काय करावें? आम्ही मोठालीं कामें सुचवीत नाहीं. आपल्या घरीं भांडीं घासणारी, बागेस पाणी घालणारा, दारावर मासळी किंवा भाजी आणणारी, यांच्या घरांत कोणी वृद्ध, अंध वा अपंग आहे काय, आणि त्यास सहाय्य मिळतें काय, हें एकदां विचारावें. मिळत नसेल तर तलाठ्याकडून दाखले, रुग्णालयांतून प्रमाणपत्र व तहसील कचेरींतील अर्ज या तीन गोष्टी क्रमानें कराव्या. कॉलेजांत जाणाऱ्या मुलास किंवा मुलीस सुटीच्या एका दिवशीं त्या माणसाबरोबर कचेरींत धाडावें. पुस्तकांत न मिळणारें नागरिकशास्त्र त्यांस तेथें शिकावयास मिळेल. खातें त्या माणसाच्याच नांवें व पासबुक त्याच्याच हातीं राहूं द्यावें. अंध माणसास जमा झालेली रक्कम मोठ्यानें वाचून दाखवावी आणि नोटा त्याच्या हातांत एकेक मोजून द्याव्या. हयातीच्या दाखल्याची तारीख आपल्या भिंतीवरील कॅलेंडरावर लिहून ठेवावी. आणि हें सर्व करून झाल्यावर आपण उपकार केला असें चुकूनही दाखवूं नये. कारण जें मिळवून दिलें तें त्याचेंच होतें.

सरकारनें रक्कम वाढवावी, मर्यादा बदलाव्या, दाखल्यासाठीं माणूस घरीं पाठवावा, हें सर्व मागावयाचें आहेच. पण तें होईतों तहानलेल्यानें वाट पाहत बसावें असा न्याय नाहीं. राजाच्या हातांत पाण्याची घागर आहे, आणि वाट दाखविणारा माणूस कमी आहे. आमच्या प्रत्येक वाचकघरानें या वर्षांत एका माणसाचा एक अर्ज शेवटास न्यावा, एवढीच आमची विनंती आहे.