परीक्षेचे सॉफ्टवेअर कोणासाठी?

२०२० साली कोरोनाच्या साथीत विद्यापीठांनी अंतिम वर्षाच्या परीक्षा ऑनलाइन घेतल्या. सॉफ्टवेअर निवडताना पहिला प्रश्न बहुधा कॉपीचा असतो. पण घरात एकच मोबाइल आणि एकच खोली असलेल्या मुलीने पेपर द्यायचा कसा?

कॅमेऱ्यातून पहारा ठेवणारे सॉफ्टवेअर चेहरा पाहते. चेहरा पाहणारे यंत्र सर्वांना सारखेच पाहते, असे नाही. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी व टिमनिट गेब्रू या दोघी संशोधकांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांबाबत चूक शेकडा एकाहूनही कमी, तर काळ्या-सावळ्या स्त्रियांबाबत ३४.७ टक्क्यांपर्यंत! मग आपल्या लेकीने परीक्षा द्यायची की आधी यंत्राला चेहरा पटवायचा?

मूडल हे सॉफ्टवेअर मोफत आहे. ते उत्तरे ठरावीक वेळाने आपोआप साठवते, म्हणून नेट गेले तरी सारे पुसले जात नाही. सर्व्हर आणि जाणती माणसे मात्र विद्यापीठाला पदरची लावावी लागतात. म्हणून पालकांनी आधीच विचारावे: साध्या मोबाइलवर चालते काय? वीज गेल्यास वेळ वाढवून मिळतो काय? आणि सरावाचा पेपर कॉलेजच्या संगणक कक्षात नव्हे, मुलांच्या घरूनच, त्यांच्याच मोबाइलवर घ्यायला लावावा.