खालच्या पायरीवरचा खेळाडू

जुलै २०२५ मध्ये इंडियन सुपर लीग या देशातील सर्वोच्च फुटबॉल स्पर्धेचा पुढील हंगाम आयोजकांनी स्थगित केला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये व्यापारी भागीदाराशी केलेला पंधरा वर्षांचा करार डिसेंबरमध्ये संपत होता आणि त्याच्या नूतनीकरणाबाबत एकमत होत नव्हते. काही क्लबांनी खेळाडूंचे वेतन थांबविले. या घटनेची चर्चा झाली ती मुख्यतः राष्ट्रीय संघाच्या घसरत्या क्रमवारीच्या अनुषंगाने. परंतु या प्रकरणाकडे क्रीडाप्रश्न म्हणून न पाहता रोजगाराचा प्रश्न म्हणून पाहिले, तर एक निराळेच चित्र दिसते. ज्या देशात सर्वोच्च पायरीवरील खेळाडूचे वेतन एका कराराच्या मुदतीवर अवलंबून असते, तेथे त्याच्या खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या खेळाडूने कोणाच्या भरवशावर जगावे?

स्पेनचे उदाहरण घेऊ. तेथील पहिल्या श्रेणीत २० व दुसऱ्या श्रेणीत २२ क्लब आहेत. २०२१ च्या पुनर्रचनेनंतर तिसऱ्या श्रेणीत ४० आणि चौथ्या श्रेणीत ९० क्लब आले. पाचवी श्रेणी तर अठरा प्रादेशिक गटांत विभागलेली आहे. तिसऱ्या श्रेणीत खेळणाऱ्या एखाद्या विंगरचे नाव आपल्याकडे कोणी ऐकलेले नसते. दोन-तीन वर्षांनी क्लब बदलावा, कधी वरच्या श्रेणीत जावे, कधी खाली यावे आणि तिशी उलटल्यावर परदेशची वाट धरावी, अशी त्याची कारकीर्द असते. पण ती ‘कारकीर्द’ असते, हे महत्त्वाचे. फेरान कोरोमिनास हा खेळाडू पहिल्या श्रेणीतील एस्पान्योलकडून खेळला. पुढे खिरोना, मायोर्का अशा तेव्हा दुसऱ्या श्रेणीत असलेल्या क्लबांतून खेळत, सायप्रसमार्गे तो २०१७ मध्ये गोव्यात आला आणि सलग दोन हंगाम इंडियन सुपर लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा ठरला. आपल्या सर्वोच्च स्पर्धेत चमकणारे पाहुणे परक्या देशाच्या खालच्या पायऱ्यांवरही तयार झालेले असतात, ही वस्तुस्थिती पुरेशी बोलकी आहे.

शिखरावरचा एक

आता आपल्याकडे वळू. अनिकेत जाधव हा कोल्हापूरचा विंगर. पुण्याच्या शिवछत्रपती क्रीडा प्रबोधिनीत त्याची जडणघडण झाली. २०१७ मध्ये भारतात भरलेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत तो देशासाठी खेळला. पुढे इंडियन ॲरोज, जमशेदपूर, हैदराबाद असा प्रवास करून २०२२ मध्ये विजेत्या हैदराबाद संघाचा तो घटक होता. ही वाटचाल निःसंशय अभिमानास्पद आहे. परंतु एका यशस्वी खेळाडूवरून व्यवस्थेचे मूल्यमापन करणे म्हणजे सोडतीत बक्षीस लागलेल्या इसमाकडे बोट दाखवून सोडत हा बचतीचा उत्तम मार्ग आहे, असे सांगण्यासारखे होय.

सोडतीची ही उपमा जुनी आहे. ॲडम स्मिथने १७७६ मध्येच वकिलीसारख्या व्यवसायांची तुलना सोडतीशी केली होती: बक्षिसे थोड्यांना, पण त्या आशेने उमेदवार मात्र पुष्कळ. पुढे १९८१ मध्ये शेर्विन रोझेन या अर्थशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, एकाच वेळी लाखोंना पाहता येईल अशा कलेत वा खेळात गुणवत्तेतील अल्प फरकामुळे उत्पन्नात प्रचंड फरक पडतो. खेळातील विषमता सर्वस्वी टाळता येणार नाही, हे यावरून मान्य करावे लागेल. परंतु विषमता असणे वेगळे आणि मधल्या पायऱ्याच नसणे वेगळे.

पुण्याचा ताळेबंद

या पायऱ्या आपल्या डोळ्यांदेखत ढासळल्या आहेत. २००७ मध्ये स्थापन झालेला पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये उपविजेता होता. काही वर्षांतच तो मैदानातून नाहीसा झाला. भारत एफसी २०१५ मध्ये एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजियन्स दोन हंगामांनंतर, २०१७ मध्ये, बाहेर पडला. २०१४ मध्ये आलेल्या एफसी पुणे सिटीची जागा २०१९ मध्ये हैदराबादकडे गेली आणि २०२५ मध्ये तीच जागा दिल्लीला हलविण्यात आली. बिऱ्हाड हलवावे तसा क्लब हलविला जातो. मात्र ज्या गावचा तो म्हणवतो, त्या गावाला कोणी विचारीत नाही.

मुंबईची कहाणी याहून निराळी नाही. २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. एअर इंडिया व ओएनजीसी हे संघ २०१३ मध्ये परवान्याच्या निकषांत बसत नाहीत म्हणून आय-लीगमधून वगळले गेले. व्यावसायिकतेच्या दृष्टीने तो निर्णय समर्थनीय असेलही. परंतु अशा संस्थांमधील नोकरदार खेळाडू हा फार श्रीमंत नसला तरी निर्धास्त होता. गुडघा दुखावला तर मैदानाऐवजी टेबलाशी बसण्याची सोय होती. ही सोय आपण मोडीत काढली आणि तिच्या जागी दुसरी उभी केली नाही. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, हे खरे. परंतु तो खेळ सोडल्यानंतरचा आसरा झाला. खेळत असतानाचे वेतन नव्हे.

या ठिकाणी एक आक्षेप घेतला जाईल: ज्या खेळाला प्रेक्षक नाही, त्याच्या खालच्या श्रेणीचा भार कोणी व का उचलावा? आक्षेप वरवर पाहता बिनतोड आहे. परंतु त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले उत्तर कोल्हापूरचे. तेथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशा तालमींच्या नावाने संघ खेळतात आणि शाहू स्टेडियमवर तिकीट काढून प्रेक्षक येतो. आफ्रिकेतून आलेले खेळाडूही या मैदानावर खेळले आहेत. म्हणजे मागणी आहे, पेठांचा अभिमान आहे. नाही तो येथून वर जाणारा रस्ता. आय-लीगच्या विजेत्यास सर्वोच्च स्पर्धेत प्रवेश मिळण्याची सुरुवातच २०२३ मध्ये पंजाबच्या संघापासून झाली, आणि त्याच्याही खालच्या जिल्हा संघांना तो मार्ग अजून दूरचा आहे. स्पेनमध्ये सुमारे २७ हजार वस्तीचे एइबार, म्हणजे आमच्या भोरहून थोडेच मोठे गाव, २०१३ मध्ये तिसऱ्या श्रेणीतून वर चढले आणि २०१४ मध्ये पहिल्या श्रेणीत पोहोचले.

दुसरे उत्तर आपल्या क्रिकेटचे. रणजी करंडकाच्या चार दिवसांच्या सामन्यास प्रेक्षक किती असतात, हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही २०२१ च्या निर्णयानुसार अनुभवाप्रमाणे त्या खेळाडूस दिवसाला ४० ते ६० हजार रुपये मानधन ठरले. कधीही भारताकडून न खेळलेला मनुष्य त्यामुळे दहा-बारा वर्षे सन्मानाने खेळू शकतो. हा पैसा त्या सामन्याच्या तिकिटातून आलेला नसतो. वरच्या उत्पन्नाचा वाटा नियमाने खाली सोडला जातो, म्हणून तो येतो. फुटबॉलचे उत्पन्न क्रिकेटच्या पासंगालाही पुरणार नाही, हे कबूल. परंतु तत्त्व तेच आहे, आणि थोडे असेल तेव्हाच वाटणीचा नियम अधिक काटेकोर हवा.

काय करता येईल

स्पेनमध्येही सारे आलबेल नव्हते. २०० हून अधिक खेळाडूंचे वेतन थकले, तेव्हा तेथील खेळाडूंच्या संघटनेने ऑगस्ट २०११ मध्ये संप पुकारला आणि पहिल्या श्रेणीचा पहिलाच आठवडा बंद पाडला. तारांकित खेळाडू खालच्यांच्या पगारासाठी मैदानाबाहेर राहिले. आपल्याकडे तीन गोष्टी तरी तातडीने व्हाव्यात. हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक क्लबाने वेतनाच्या काही भागाची बँक हमी द्यावी. नव्या व्यापारी करारात मिळणाऱ्या रकमेचा ठरावीक हिस्सा राज्य व जिल्हा लीगसाठी राखून ठेवावा. आणि जिल्ह्यापासून सर्वोच्च स्पर्धेपर्यंत चढण्या-उतरण्याचा अखंड मार्ग लेखी नियमांनी बांधावा. यांपैकी तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे, कारण वर बसलेल्यास खाली उतरण्याचा नियम कधीच आवडत नाही.

आम्ही भाटघरकर येसाजी कंक जलाशयाच्या कुशीत राहतो. १९२८ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाची थोरवी त्याच्या भिंतीच्या उंचीत नाही. ते पाणी नीरेत उतरते, कालव्यांना लागते आणि चाऱ्या-पोटचाऱ्यांतून बारामती-फलटणच्या शेवटच्या शेतकऱ्याच्या बांधापर्यंत जाते, म्हणून त्यास मोल आहे. भारतीय फुटबॉलने गेल्या काही वर्षांत भिंत तेवढी बांधली. कालवे खणायचे राहून गेले. पंधरा वर्षांचा करार संपताच भिंतीला तडा जावा, यात मग नवल ते काय? खालच्या पायरीवरच्या खेळाडूस उपकार नको आहेत. आपला पगार पुढच्या महिन्यात येईल आणि आपण चांगले खेळलो तर पुढच्या वर्षी वर जाऊ, एवढी खात्री त्याला हवी आहे. शिक्षक, कारकून वा कोणीही नोकरदार जे गृहीत धरून चालतो, तेवढेच तो मागत आहे.