दाबून धरलं की सहा येतो?

मे महिन्यात भद्रावतीत सकाळी अकरानंतर रस्त्यावर माणूस दिसत नाही. सगळं घर कूलरसमोर गोळा होतं आणि मुलांच्या हातात मोबाइल असतोच. यंदा सुट्टीत आमच्या बहिणीची मुलं बल्लारपूरहून आली होती. चौघांचा लुडो रंगला होता. धाकटा भाचा दर वेळी फाशावर अंगठा दाबून धरायचा, ओठांतल्या ओठांत तीनपर्यंत मोजायचा आणि मग सोडायचा.

आम्ही विचारलं, "हे काय रे?"

"खाला, असं धरून सोडलं की सहा येते. आमच्या वर्गात सगळ्यांना माहीत आहे."

आणि नेमका सहा आला! चारही मुलांनी विजयी चेहऱ्याने आमच्याकडे पाहिलं.

"काहीतरीच!" म्हणून उडवून लावणं सोपं होतं. पण मोठ्यांनी उडवून लावलेली गोष्ट मुलं सोडत नाहीत, फक्त आपल्यासमोर बोलायची थांबतात. म्हणून आम्ही म्हटलं, "वही आण. तपासून बघू."

ठरलं असं, की साठ वेळा दाबून धरून फासा टाकायचा आणि साठ वेळा नुसतं बोट लावून. मोठी भाची वहीत रेघा मारणार. फाशाला सहा बाजू, म्हणजे साठात साधारण दहा वेळा सहा यायला हवा. थोडं मागेपुढे होणारच, सात आले काय किंवा तेरा आले काय, नवल नाही. पण दाबल्याने खरंच फरक पडत असेल तर वीसच्या वर जायला हवेत. हे सगळं आधीच बोलून घेतलं, नंतर पळवाट नको. पैज मात्र लावली नाही. आपल्यात पैज नाजायज. कुल्फी सगळ्यांनाच मिळणार होती.

दाबून धरल्यावर नऊ सहा आले. नुसतं बोट लावल्यावर अकरा.

भाचा म्हणाला, "आज नेट हळू आहे."

भाची म्हणाली, "अन् काल सहा आला तेव्हा नेट जलद होतं का, ते बघितलं होतंस?"

तो गप्प झाला. पण त्याला खोटारडा म्हणता येणार नाही. त्याच्या वर्गातली मुलंही खोटं बोलत नव्हती. हिशेब पाहा. फासा सहा वेळा टाकला तर त्यात निदान एकदा सहा येण्याची शक्यता सुमारे 67 टक्के असते. तीस मुलांच्या वर्गात कुणीतरी टोटका सांगितला आणि प्रत्येकाने घरी जाऊन सहा वेळा करून पाहिला, तर दुसऱ्या दिवशी वीसेक मुलं म्हणणार, "खरंच येतो!" उरलेली दहा गप्प बसणार, कारण त्यांना वाटणार आपलंच दाबायचं चुकलं. वीस साक्षीदार, वीसही खरं बोलणारे, आणि गोष्ट मात्र खोटी!

मोबाइलमधल्या फाशाला लाकूड नाही, वजन नाही. आकडा प्रोग्रॅममधलं गणित काढतं. आपण पाहतो ते फासा गरगर फिरण्याचं चित्र. लुडो किंग हा खेळ आपल्याच नवी मुंबईतल्या गेमेशन कंपनीने 2016 साली आणला आणि 2020 च्या लॉकडाऊनमध्ये तो घराघरांत पोहोचला. फासा मोबाइलमध्ये गेला, पण टाकण्याआधी मुठीत फुंकर मारायची आपली सवय काही गेली नाही. तीच आता अंगठ्यात उतरली आहे.

बी.एड.ला आम्ही स्किनर पाठ केला होता. या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1948 साली कबुतरांवरचा एक प्रयोग मांडला. आठ भुकेली कबुतरं पिंजऱ्यात ठेवली आणि ती काहीही करोत, ठरावीक वेळाने त्यांच्यासमोर आपोआप दाणे येतील अशी सोय केली. आठपैकी सहा कबुतरांना काहीतरी लकब जडली. एक गोल गोल फिरू लागलं, एक कोपऱ्यात मान खुपसू लागलं. दाणे येण्याच्या वेळी जे चाललं होतं त्यानेच दाणे आले, अशी जणू त्यांची समजूत झाली, असा अर्थ स्किनरने लावला. आमच्या भाच्याचा अंगठा त्याच कबुतरांच्या जातीचा!

मग बटणांचे सगळेच टोटके खोटे का? नाही. आणि खरी गंमत इथेच आहे.

आमच्या लहानपणी भाईजानने नागपूरच्या सीताबर्डीहून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला होता. त्यात कॉन्ट्राची कॅसेट. पहिला रिमोट अर्थातच भाईजानकडे, आमच्याकडे दुसरा. कुणीतरी त्याला सांगितलं, की खेळ सुरू होण्याआधी वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, मग बी, ए दाबायचं. तीनऐवजी तीस जीव मिळतात. आम्हाला वाटलं थाप असेल. पण मिळाले! दुसऱ्या दिवशीही मिळाले, शेजारच्या घरीही मिळाले.

ही युक्ती जपानच्या कोनामी कंपनीतल्या काझुहिसा हाशिमोतो यांची. 1986 साली ते ग्रेडियस नावाचा खेळ घरगुती यंत्रासाठी तयार करत होते. खेळ इतका अवघड की तपासताना त्यांनाच जमेना. म्हणून त्यांनी स्वतःसाठी बटणांची एक गुप्त ओळ घातली आणि ती नंतर तशीच राहून गेली. पुढे कॉन्ट्रातही तीच आली. म्हणजे ती चालायची, कारण बनवणाऱ्याने ती आत ठेवली होती.

याउलट पोकेमॉनच्या पहिल्या खेळांत चेंडू फेकल्यावर तो हलत असताना बी बटण दाबून धरलं की पोकेमॉन निसटत नाही, असं देशोदेशीची मुलं मानत होती. प्रत्यक्षात चेंडू हलू लागतो तेव्हा निकाल आधीच लागलेला असतो. पेपर तपासून झाल्यावर दुआ मागण्यासारखंच ते.

कॅसेट चालेना की आम्ही तिच्यात फुंकर मारायचो आणि ती चालायचीही. पण चालायची ती काढून पुन्हा बसवल्यामुळे. फुंकरीतल्या ओलाव्याने तिचे धातूचे टोक उलट खराब होत.

आता हे सगळं कशासाठी सांगितलं ते ऐका. खेळातल्या सहाने कुणाचं काही बिघडत नाही. पण आमच्या ओळखीतल्या एका घरात आठवीतल्या मुलाला मित्राने एक युक्ती दाखवली होती. मोबाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा बोट मारायचं, मग लपलेला विभाग उघडतो. ही युक्ती खरी आहे. अँड्रॉइड फोनमध्ये तो विभाग तसाच उघडतो, बनवणाऱ्यांनीच तशी सोय ठेवली आहे. मुलाचा विश्वास बसला. महिन्याभराने कुणीतरी एक लिंक पाठवली. चित्रावर सात वेळा बोट मारा, नंबर टाका, आलेला ओटीपी टाका, खेळातले हिरे फुकट मिळतील. फोन अम्मीचा होता. पिको-फॉलच्या कामातून तिने ईदच्या कपड्यांसाठी साठवलेले पैसे गेले. मुलगा दोन दिवस कुणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सांगितलं, तोवर उशीर झाला होता.

तो मुलगा मूर्ख नव्हता. एक खरी युक्ती पाहिल्यावर दुसरी खरी मानली, एवढंच. दोन्हींतला फरक कसा करायचा, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. आणि मार पडेल या भीतीने जे दोन दिवस गेले, ते सर्वांत महाग पडले. असं काही झालं तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा आणि बँकेला कळवायचं. जितकं लवकर, तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त. हे मुलांना आजच सांगून ठेवा. आणि हेही सांगा, की आधी येऊन सांगितलं तर मार पडणार नाही.

त्या संध्याकाळी मगरिबनंतर आम्ही मुलांना एक गोष्ट सांगितली. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे चिमुकले पुत्र इब्राहीम (रजि.) वारले, त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागलं. लोक म्हणू लागले, इब्राहीम गेले म्हणून सूर्य काळवंडला. बाप शोकात, लोक श्रद्धेने बोलत होते, योगायोगही किती जुळलेला! गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. पण सहीह बुखारीत आहे, की प्रेषितांनी ते स्पष्टपणे नाकारलं. सूर्य-चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कुणाच्या मरणाने किंवा जन्माने त्यांना ग्रहण लागत नाही, असं त्यांनी सांगितलं. आपल्या घरातल्या दुःखाशी जुळलेला योगायोगही त्यांनी पुरावा म्हणून चालू दिला नाही. आपण तर एका सहावर भुलतो.

भाचा बराच वेळ विचार करत बसला. मग म्हणाला, "म्हणजे दोन्ही प्रकारे करून बघायचं, अन् लिहून ठेवायचं."

"बरोबर. आणि ज्यात ओटीपी किंवा पैसे मागतात, ते करून बघायचंच नाही. आधी घरी विचारायचं."

बल्लारपूरला जाताना तो ती वही घेऊन गेला. परवा फोन आला. "खाला, रिमोटचं बटण जोरात दाबलं की टीव्ही लवकर लागते म्हणतात अब्बू. वीस वेळा जोरात, वीस वेळा हळू दाबून बघितलं. काही फरक नाही. सेल बदलावे लागतील."

अब्बूंना आधी सलाम सांग आणि मग सेल आणायला सांग, एवढंच आम्ही म्हणालो.