केमो संपली म्हणजे उपचार संपले नाहीत!

बार्शी, परांडा, भूम, करमाळा भागातील सर्व कुटुंबांना जाहीर आवाहन

गेल्या आठवड्यात आमच्या बायकांच्या गटातल्या एका ताईला घरच्याच बारशात ओट्यावर वेगळं बसवलं. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमोचे सगळे डोस तिने पार पाडले, आणि आता ती रोज रेडिएशनला, म्हणजे आपल्याकडे ज्याला 'शेक' म्हणतात त्याला, जात होती. "हिच्या अंगातून किरणं निघतात, बाळाला बाधतील," असं कुणी तरी म्हणालं. भरल्या घरात एकानेही त्याला गप्प केलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने जाणंच बंद केलं. आमच्या बायका घरी जाऊन बसल्या, समजूत घातली, तेव्हा ती परत गेली. पण मधले दिवस हकनाक गेले. याची लाज आपल्या सगळ्यांना वाटली पाहिजे.

बाहेरून यंत्राने दिलेल्या शेकाची किरणं यंत्र बंद झालं की संपतात. अंगात काहीही उरत नाही. तिने बाळाला मांडीवर घ्यावं, ओटी भरावी, पोळ्या लाटाव्यात, घरच्यांसोबत एका ताटात जेवावं.

दुसरं नेहमीचं वाक्य: "गाठ काढली, केमो झाली, आता आणखी कशाला?" दहा हजारांहून जास्त स्त्रियांच्या माहितीचा एकत्र अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. स्तन राखून फक्त गाठ काढलेल्या, पण शेक न घेतलेल्या १०० जणींपैकी सुमारे ३५ जणींना १० वर्षांत आजार उलटला. शेक घेतलेल्यांत हा आकडा १९ होता. आता सांगा, कशाला? प्रत्येकीला शेक लागतोच असं नाही, पण ते डॉक्टर ठरवतील. पारावरच्या मंडळींनी ठरवू नये.

केमोनंतर साधारण तीन-चार आठवड्यांनी शेक सुरू होतो. हे दिवस तयारीचे आहेत, खुरपणीला जुंपण्याचे नाहीत. सगळ्यात आधी खांदा. शेक घेताना हात डोक्यावर ठेवून अजिबात न हलता पडून राहावं लागतं, आणि काखेतल्या गाठी काढलेल्या बाईचा हात नेमका तिथेच अडतो. डॉक्टरांनी किंवा फिजिओथेरपिस्टने सांगितल्याप्रमाणे रोज भिंतीसमोर उभं राहून बोटं हळूहळू वर चढवायची आणि कुठवर पोचली तिथे खडूने खूण करायची. आमच्या गटात अशा खुणांच्या भिंती घरोघरी आहेत, आणि त्यांचा आम्हाला अभिमान आहे.

मग सिटी स्कॅन करून शेकाची आखणी होते. छातीवर शाईच्या खुणा करतात किंवा सुईने तिळाएवढे ठिपके गोंदतात. शाईच्या खुणा घासून काढू नका, पुसट झाल्या तर तिथल्या टेक्निशियनला सांगा, स्वतः पेनाने गिरवू नका. डावीकडचा आजार असेल तर हृदय वाचवण्यासाठी काही ठिकाणी श्वास रोखून शेक देतात. तसं असेल का ते विचारा आणि घरी सराव करा. बरेचदा १५ शेक असतात, सोमवार ते शुक्रवार, तीन आठवडे. काहींना जास्त लागतात. यंत्राखाली काही मिनिटंच जातात आणि दुखत नाही.

मिश्री आजपासून बंद. सासूबाई लावतात म्हणून सुनेनेही लावायची, हे पुरे झालं. शेकाच्या जागी हळद, चंदन, पावडर, गरम पाण्याची पिशवी नको. कोमट पाणी, सौम्य साबण, सैल सुती कपडे. पेसमेकर असेल, दिवस गेल्याची शंका असेल, तर आधी सांगा.

कागद एका पिशवीत ठेवा: ऑपरेशनचा आणि बायोप्सीचा रिपोर्ट, केमोची फाइल, ताजा रक्ततपासणीचा कागद, रेशनकार्ड, आधार. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळतंय का ते आत्ताच बघा, तिथे गेल्यावर धावपळ नको. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत रेडिएशन आहे, योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबत्याला सवलत आहे. मुंबईला टाटात जाणाऱ्यांनी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करावी. "पैसे नाहीत" म्हणण्याआधी एवढं तरी करा.

आणि भावांनो, दीरांनो, नवरेमंडळींनो! बैल आजारी पडला तर रात्रीत टेम्पो ठरवता. बायकोला तीन आठवडे शेकासाठी बार्शीला नेताना मात्र कामं आठवतात. ती कामं थांबतील, आजार थांबणार नाही.

ज्या घरात शेकाची तारीख मिळाली आहे, त्यांनी आजच आमच्या गटातल्या कुठल्याही बाईला निरोप द्या. रोज सोबत जायला आमच्यातली एक जण येईल. घरच्यांनी तिला अडवू नये, एवढंच आमचं मागणं आहे.