पडद्यावरची तोफ कधी फुटत नाही

ऑक्टोबर २०२२ मध्ये झाशीजवळच्या बबीना येथे वार्षिक गोळीबार सरावात टी-९० रणगाड्याच्या तोफेची नळी फुटली. आतील दोघांचा मृत्यू झाला. सिम्युलेटरवरील प्रशिक्षणाच्या बाजूने याहून प्रबळ कारण शोधण्याची गरज नाही. संरक्षण मंत्रालयाने २०२१ मध्येच त्यासाठी धोरणात्मक आराखडा जाहीर केला, ते योग्यच झाले.

मात्र पडद्यावरची तोफ कधीच फुटत नाही, ही तिची मर्यादाही आहे. चिलखतभेदी गोळा सेकंदाला सुमारे १,७०० मीटर वेगाने सुटतो. दोन किलोमीटर अंतर तो सव्वा सेकंदाच्या आसपास कापतो; तेवढ्यात ताशी ३६ किलोमीटर वेगाने आडवा जाणारा रणगाडा सुमारे १२ मीटर पुढे सरकलेला असतो. एवढे गणित कोणताही संगणक करील. अवघड ते पुढचेच. राजस्थानातील महाजनच्या उन्हात तापलेली दारू अधिक वेगाने जळते आणि गोळ्याचा वेग वाढतो. एकाच बाजूने तापलेली नळी किंचित वाकते. झिजलेल्या नळीतून गोळा मंदावतो. हे सारे प्रत्यक्ष मोजमापाशिवाय प्रारूपात उतरत नाही, आणि उतरले नाही तर जवान अस्तित्वातच नसलेल्या तोफेवर पारंगत होतात.

म्हणून खर्चाची बचत दाखवून प्रत्यक्ष गोळीबार घटवणे घातक ठरेल. मैदानावरील प्रत्येक गोळ्याचा वेग, दारूचे तापमान, नळीची झीज यांच्या नोंदी सिम्युलेटर घडवणाऱ्यांपर्यंत पोहोचल्या पाहिजेत. न उडालेला गोळाही त्या पडद्यावर अधूनमधून, पूर्वसूचनेशिवाय, यायला हवा.